पिकअपचं बोनेट बदलताय? आधी त्याखाली काय बसलंय ते पाहा

पिकअपला आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीबाहेरचं, बोनेट घेताना बहुतेक जण फोटो पाहून डिझाइन ठरवतात आणि ते आपल्या गाडीवर कसं बसवायचं याचा विचार नंतर करतात. क्रम उलटा हवा. बोनेटकडून नेमकं काम काय हवंय हे पहिल्यांदा ठरवा. इंजिनाची गरम हवा बाहेर काढायची आहे, वर बसलेल्या इंटरकूलरला (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) हवा द्यायची आहे, बदललेल्या उंच पार्टला जागा करायची आहे, की फक्त रूप बदलायचं आहे? या चार कामांना चार वेगळे आकार लागतात, आणि एका कामाचा आकार दुसऱ्या कामात बऱ्याचदा आडवा येतो.

मराठवाड्यात हे जास्त जपावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो, काळ्या मातीची बारीक धूळ वर्षातले आठ महिने उडते, फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात, आणि पावसाळ्यात एखाद्या सरीत तासभर पाणी नुसतं ओततं. अमेरिकेतल्या रुंद हायवेसाठी काढलेलं बोनेट इथे जसंच्या तसं चालेलच असं नाही.

कोणता आकार काय करतो

पहिला स्कूप, म्हणजे पुढे तोंड असलेला फुगवटा. त्याच्या बरोबर खाली इंटरकूलर असेल तेव्हाच त्याला अर्थ आहे. टोयोटाच्या जुन्या ३.० लिटर फॉर्च्युनरला बोनेटवर स्कूप होता, कारण इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला होता. हायलक्सच्या २.८ इंजिनात इंटरकूलर पुढे, ग्रिलच्या मागे आहे. तिथे स्कूप लावला तर ती हवा जाणार कुठे? इंजिनाच्या खोलीत. तिथला दाब वाढतो आणि रेडिएटरमधून आरपार जाणाऱ्या हवेलाच अडथळा होतो. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून केलेलं काम रेडिएटरचं काम बिघडवतं. आपल्या गाडीत इंटरकूलर कुठे आहे हे कळत नसेल तर टर्बोपासून निघणारा जाड पाइप हाताने माग काढत जा. तो जिथे पहिल्यांदा चपट्या, जाळीदार अॅल्युमिनियमच्या डब्यात शिरतो तो इंटरकूलर.

दुसरा प्रकार स्कूपमधून थेट एअर फिल्टरला हवा देणारा, म्हणजे रॅम एअर. २०२१ च्या रॅम टीआरएक्सला बोनेटच्या स्कूपमधून हवा फिल्टरच्या डब्यात जाते. शेवरोले सिल्व्हराडो एचडीच्या ड्युरामॅक्स डिझेललाही २०१७ पासून बोनेटवर असं तोंड दिलं. कंपनीने त्यासोबत पाणी वेगळं करण्याची सोयही केली होती, जी बाजारातल्या बऱ्याच नकलांमध्ये नसते. आता यातून ताकद किती वाढते ते हिशेबाने पाहू. ताशी १०० किमी वेगाला समोरची हवा साधारण ४४० पास्कल दाब देते. आपल्या उंचीवर वातावरणाचा दाब ९५ हजार पास्कलच्या आसपास असतो. वाढ अर्धा टक्कासुद्धा नाही. ताशी ३० किमीने घाट चढताना तर ती शून्यच समजा.

खरा फरक हवेच्या दाबाने पडत नाही, तिच्या तापमानाने पडतो. फिल्टरला जाणारी हवा ६५ अंशांवरून ४५ अंशांवर आली तर ती सुमारे सहा टक्के जास्त दाट होते. पण बहुतेक नव्या पिकअपमध्ये फिल्टरचं तोंड आधीच ग्रिलजवळ किंवा मडगार्डच्या आत, थंड हवेत असतं. म्हणून पैसे घालण्याआधी एक साधा ओबीडी स्कॅनर (गाडीतल्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावून चालत्या गाडीत इनटेक हवेचं तापमान बघा. ते बाहेरच्या हवेपेक्षा पाच-सात अंशांनीच जास्त असेल तर रॅम एअर बोनेटने हाती काही लागणार नाही. रीडिंग घेताना सेन्सर कुठला हे मात्र तपासा. काही गाड्यांत फिल्टरजवळ एक आणि इंटरकूलरनंतर दुसरा असे दोन असतात, आणि दुसऱ्याचा आकडा साहजिकच जास्त येतो.

तिसरा काउल बोनेट. मधला भाग फुगीर असतो आणि तोंड मागे, समोरच्या काचेकडे. गाडी धावताना काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथे दाब जास्त होतो, म्हणून हे तोंड हवा आत ओढतं. १९७० च्या शेवेल एसएसला अशी झडप होती, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती उघडायची. आपल्याकडे मात्र याच बोनेटला गरम हवा बाहेर काढणारं समजून विकलं जातं. उभ्या गाडीत मागून थोडी गरम हवा निघते हे खरं, पण वेग आला की दिशा फिरते. काउलचा खरा उपयोग जागा करण्याचा. इनटेक मॅनिफोल्ड किंवा सुपरचार्जर उंच झाला असेल तर तो मधला उंचवटा कामाला येतो. डिझेल पिकअपवर हे काम क्वचितच पडतं.

बिजागरीखाली वॉशर टाकून बोनेटची मागची कड इंच-दीड इंच उचलण्याची युक्ती गावोगाव चालते. ती करू नका. कारण वरचंच आहे, शिवाय एसीची हवा जिथून आत जाते ती जाळी काचेच्या पायथ्याशीच असते. डिझेलचा वास, ऑइलची वाफ आणि इंजिनाची ऊब सरळ केबिनमध्ये येते, आणि पावसात वायपरच्या पट्टीतलं पाणी थेट इंजिनावर पडतं.

चौथा प्रकार म्हणजे हीट एक्स्ट्रॅक्टर किंवा लूव्हर, मागे तोंड असलेल्या चपट्या फटी. मराठवाड्यात जड ट्रॉली ओढणाऱ्या, ट्यून केलेल्या किंवा घाटात तापणाऱ्या पिकअपसाठी आमची पहिली शिफारस हीच आहे. बोनेटच्या पुढच्या कडेवरून हवा वर वळते तेव्हा त्या कडेमागे दाब कमी होतो. फट तिथे असेल तर रेडिएटरमधून आलेली गरम हवा वर ओढली जाते, आणि गाडी थांबल्यावर ऊब आपोआप वर निघते. कन्नडच्या औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या चढावर, वेग कमी आणि लोड जास्त असताना, जो काही फायदा मिळतो तो याच प्रकारात.

पाचवा, फक्त दिसण्यासाठी चिकटवलेला स्कूप. त्यात वाईट काही नाही. पत्रा कापत नाही, पाणी शिरत नाही. फक्त डबल टेपवर विसंबू नका. मे महिन्यातल्या पत्र्यावर टेप ढिला पडतो, म्हणून कडेला पॉलियुरेथेन सीलंट द्या.

आधी रेडिएटर, मग बोनेट

गाडी तापते म्हणून बोनेट बदलायला निघाला असाल तर एक सकाळ रेडिएटरला द्या. कापसाच्या हंगामात, ऑक्टोबर ते जानेवारी, परभणी, जालना, बीड भागात रस्त्याच्या कडेला सरकी-कापसाचे तंतू उडत असतात, आणि ऊसपट्ट्यात पाचट. हे एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन नमद्यासारखं बसतं. पुढून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढून टॉर्चने मधल्या फटीत पाहा. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाने मारा. प्रेशर वॉशरचं तोंड जवळ नेलं तर पंख चेपतात आणि ते सरळ करणं फार किचकट काम आहे. कूलंटचं प्रमाण, फॅनचा क्लच आणि थर्मोस्टॅट हेही तपासा. एवढं करून ताप उतरला तर बोनेटचे पैसे वाचले. नाही उतरला तर पुढे चला.

मोजमाप

जागा मोजायला मुलांची खेळण्यातली क्ले किंवा घट्ट मळलेली कणीक पुरते. इंजिनावरच्या उंच जागांवर, म्हणजे ऑइल कॅप, टर्बोचा पाइप, इंजिन कव्हर, बॅटरीचं टोक इथे, प्लॅस्टिकचा कागद ठेवून त्यावर चार-पाच सेंटीमीटर उंच गोळे बसवा. बोनेट हळूच पूर्ण लावा, उघडा, आणि चेपलेले गोळे मधोमध कापून जाडी मोजा. कुठेही २० मिमीपेक्षा कमी भरली तर तिथे अडचण आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं. क्लच झटक्यात सोडला की ते आणखी वर उचलतं, आणि माउंटिंग जुनं असेल तर जास्तच. नवं बोनेट वरून उंच दिसलं तरी त्याच्या खालच्या पट्ट्या खोल असू शकतात, म्हणून हीच चाचणी नव्या बोनेटवर रंगाआधी पुन्हा करा. ही मोकळी जागा कमी करू नका याला दुसरंही कारण आहे: पायी चालणारा धडकला तर बोनेटचा पत्रा दबायला तेवढीच जागा असते.

फटी कुठे पाडायच्या हे ठरवायला गवंड्याची लेव्हल पाइप घ्या, पाच-सहा मिमीची पारदर्शक नळी. केबिनमध्ये पुठ्ठ्यावर ती यू आकारात बांधून त्यात शाई घातलेलं पाणी भरा. एक टोक खिडकीतून बोनेटवर न्या आणि दुसरं इंजिनाच्या खोलीत, रेडिएटरच्या मागे. बोनेटवरचं टोक एम-सीलने बंद करून त्याच्या अलीकडे वरच्या बाजूला सुईने छिद्र पाडा, आणि नळी वाऱ्याच्या दिशेत सपाट चिकटवा. नळीचं उघडं तोंड वाऱ्यासमोर आलं तर रीडिंग साफ चुकतं. नळी फॅन, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एक जण ताशी ८० किमीने गाडी चालवेल आणि दुसरा पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक वाचेल. या वेगाला समोरच्या हवेचा एकूण दाब पाण्याच्या २८ मिमीएवढाच असतो, त्यामुळे फरक थोड्याच मिलिमीटरचा दिसेल. बोनेटवर जोडलेल्या बाजूचं पाणी वर चढलं तर तिथे दाब कमी आहे, म्हणजे फट बाहेर हवा फेकेल. पाच-सहा ठिकाणी मोजा. बहुतेक पिकअपवर पुढच्या एक तृतीयांश भागात चांगली जागा सापडते, आणि काचेपासून ३०-३५ सेंटीमीटरच्या आत चित्र उलटं होतं. हा खटाटोप एका दुपारचा आहे आणि पत्र्याला कायमचं भोक पाडण्याआधी तो करायलाच हवा.

काउल किंवा मोठा स्कूप घ्यायचा असेल तर त्याच्या मापाचा पुठ्ठा बोनेटवर चिकटवून ड्रायव्हरच्या सीटवर बसा. घरात गाडी चालवणाऱ्या सर्वांत बुटक्या माणसालाही बसवा. पुढे बंपरजवळ एक जण खाली बसू दे, आणि पुठ्ठ्यामुळे तो किती लपतो ते पाहा. पिकअपचं नाक आधीच उंच. गावात दारासमोर पोरं खेळत असतात, तिथे आणखी सात-आठ सेंटीमीटर उंची म्हणजे तेवढी मुलं दिसेनाशी होणं. पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त उंचवटा आम्ही सुचवत नाही.

कुठलं बोनेट आपल्या गाडीला बसतं

फोर्ड एफ-१५०, सिल्व्हराडो किंवा रॅमसाठी काढलेलं बोनेट हायलक्सला, इसुझू व्ही-क्रॉसला किंवा महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवेला बसत नाही. रुंदी, बिजागरीची जागा, लॉक सगळंच वेगळं. त्या गाड्यांचे फोटो डिझाइन समजून घ्यायला ठेवा, ऑर्डर द्यायला नको.

थायलंड आणि ऑस्ट्रेलियातून येणारे पार्ट जवळचे असतात, पण तिथेही सापळा आहे. इसुझूने थायलंडमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये डी-मॅक्सची नवी पिढी आणली. भारतातली व्ही-क्रॉस ही डी-मॅक्सच, पण त्याच्या आधीच्या बॉडीवर आहे. '२०२० आणि पुढे' लिहिलेलं डी-मॅक्सचं बोनेट म्हणूनच इथे बसत नाही. ऑर्डर देताना वर्ष सांगून थांबू नका. आपल्या बोनेटच्या दोन बिजागऱ्यांमधलं अंतर, मागच्या आणि पुढच्या कडेची रुंदी आणि लॉकपासून मागच्या कडेपर्यंतची लांबी मोजून विक्रेत्याकडून तीच मापं लेखी मागवा. पाच मिमीचाही फरक आला तर घेऊ नका.

आमच्या मते सर्वांत शहाणा मार्ग म्हणजे कंपनीचंच दुसरं बोनेट, नवं किंवा चांगल्या अवस्थेतलं जुनं, विकत घेऊन त्यात लूव्हर बसवणं. मूळ बोनेट घरी नीट गुंडाळून ठेवा. फिटिंग शंभर टक्के जमतं, लॉक मूळचंच राहतं, आणि गाडी विकताना किंवा आरटीओत अडचण आली तर तासाभरात जुनं लावता येतं. वाळूज, चिकलठाणा, जालना इथे शीट मेटल जाणणारे कारागीर आहेत. लूव्हर दाबून काढणं त्यांना नवं नाही.

पत्रा, फायबर, कार्बन

पत्रा जड असतो, पण गार लागली तर फक्त पोचा पडतो आणि डेंटिंगवाला तो काढतो. अॅल्युमिनियम हलकं, पण पोचा काढायला वेगळा हात लागतो. तो आपल्या गावात आहे का ते आधी विचारा. फायबरला गार लागली की जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा जातात, आणि वरून रंग दिला तरी त्या पुन्हा उमटतात.

फायबरमध्ये रेझिन कुठलं हा खरा प्रश्न आहे. स्वस्त पॉलिस्टर रेझिन ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतं. काळ्या रंगाचं बोनेट मेच्या दुपारी उन्हातच ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतं, आणि खालून टर्बोची आच वेगळी. मग मधोमध लाट येते, कडा उचलतात, पुढच्या गॅपमध्ये बोट जाईल एवढी फट पडते. व्हिनिल इस्टर किंवा उष्णता देऊन पक्कं केलेलं इपॉक्सी मागा, आणि टर्बोच्या वर खालच्या बाजूने अॅल्युमिनियमचं हीट शील्ड चिकटवून घ्याच. कार्बन फायबरचं रेझिनही तेवढंच महत्त्वाचं. शिवाय वरच्या क्लिअर कोटमध्ये अल्ट्राव्हायोलेट संरक्षण नसेल तर आपल्या उन्हात ते लवकर पिवळट पडतं.

पार्सल घेताना सही करण्याआधी खोका उघडा. कडेची जाडी तीन ते चार मिमी हवी. सगळ्या बोनेटवर नाण्याने टकटक करत फिरा. खणखणीत आवाज मध्येच भद्द झाला तर तिथे थर सुटलाय किंवा आत हवा अडकलीय. उलटं करून पाहा: आधाराच्या पट्ट्या पूर्ण लांबीला चिकटलेल्या हव्यात, आणि लॉकच्या जागी फायबरच्या आत दोन-तीन मिमीची स्टील प्लेट गाडलेली हवी. तिथे नुसता फायबर आणि स्क्रू दिसले तर परत पाठवा, यात तडजोड नाही. हिशेब असा आहे: ताशी १०० किमीला बोनेटच्या वर-खाली फक्त २२० पास्कलचा फरक पडला, तरी दीड चौरस मीटरच्या बोनेटवर वरच्या दिशेने सुमारे ३४ किलोची ओढ येते. फायबरच्या बोनेटचं स्वतःचं वजन त्याहून कमी असतं. समृद्धी महामार्गावर लॉक सुटलं तर काय होईल हे सांगायला नको. फायबर किंवा कार्बन बोनेटला पुढे दोन बोनेट पिन लावा, आणि मूळ लॉकचा दुसरा हूक, जो बोटाने सरकवावा लागतो, तो कायम ठेवा.

नवं फायबर लगेच रंगवू नका. गाडीवर बोल्टने कसून, लॉक लावून, आठ-दहा दिवस उन्हात राहू द्या. रेझिन उरलेलं पक्कं होताना बोनेट गाडीच्याच आकारात बसतं. आधी रंगवलं तर महिन्याभरात रंगातून फायबरची वीण उमटते. भिंतीला टेकवून उन्हात ठेवलं तर ते वाकतं आणि तसंच राहतं.

पत्र्यात लूव्हर बसवणं

बोनेटला दोन थर असतात: वरचा गुळगुळीत, साधारण ०.७ मिमीचा, आणि खालचा पट्ट्यांचा सांगाडा. सांगाड्याच्या पट्ट्या, बिजागरीच्या आसपासची जागा, लॉकची पुढची पट्टी आणि अपघातात बोनेट मधून दुमडावं म्हणून दाबलेल्या आडव्या खाचा यांना हात लावू नका. उरलेल्या मोकळ्या खिडक्यांत, रेडिएटरच्या मागे, डावी-उजवीकडे प्रत्येकी साधारण २५ बाय १२ सेंटीमीटरचा लूव्हर पुरतो. खाली काय येतंय ते पाहा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा एअर फिल्टरचं तोंड येत असेल तर जागा सरकवा.

१. पुठ्ठ्याचा साचा कापून दोन्ही बाजूंना मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर ठेवा. बोनेट बंद करून दहा पावलं लांबून पाहा. तिरकं असेल तर आत्ताच दिसेल.

२. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे दोन थर लावा. चारही कोपऱ्यांवर १० मिमीचं भोक पाडा. कोपरा गोल राहिला की पुढे तिथून पत्रा फाटत नाही.

३. जिगसॉला पातळ पत्र्याचं बारीक दात्यांचं ब्लेड लावून कापा. ग्राइंडरने कापलं तर ठिणग्या काचेत रुततात आणि पत्रा तापून लहरतो. ती लहर रंग झाल्यावरच दिसते, तोवर उशीर झालेला असतो.

४. कडा कानसून घ्या आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. उघडी कड रात्रभर राहिली तरी पावसाळी हवेत गंजाची सुरुवात होते.

५. लूव्हर एम-५ च्या स्टेनलेस स्क्रूने किंवा ४.८ मिमीच्या रिव्हेटने, ६०-८० मिमी अंतरावर, खाली पॉलियुरेथेन सीलंट देऊन बसवा. स्टीलच्या पत्र्यावर अॅल्युमिनियमचा लूव्हर असेल तर मध्ये सीलंटचा सलग थर हवाच, नाहीतर ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात.

लूव्हरच्या पुढच्या कडेला दहा-बारा मिमी उंचीची ओठासारखी पट्टी ठेवली तर तिच्या मागे दाब आणखी उतरतो आणि हवा जोरात निघते. जाळी लावायची तर १० मिमीच्या आसपासच्या भोकांची. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी कापसाच्या तंतूंनी आणि चिखलाने एका हंगामात बुजते.

पाणी येणारच, ते अडवण्यापेक्षा वळवा. लूव्हरच्या खाली तीन-चार सेंटीमीटर अंतर सोडून अॅल्युमिनियमचा उथळ ट्रे टांगा, मागे थोडा उतार द्या आणि १२ मिमीची रबरी नळी काढून ती मडगार्डच्या आत सोडा. डिझेल इंजिनावर पाण्याचा खरा धोका इंजेक्टरच्या खळग्यांत आहे. तिथे पाणी साचून राहिलं की इंजेक्टर गंजून जाम होतो आणि सर्व्हिसला निघता निघत नाही.

बसवणं

दोन माणसं लागतातच. मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यांवर जाड टॉवेल टाका, कारण पहिला ओरखडा तिथेच पडतो. वायपरच्या पाण्याची नळी आणि असल्यास वायर सोडवा. बिजागरीची कड मार्करने बोनेटवर आखून घ्या, मग बोल्ट काढा. नवं बोनेट बोल्ट ढिले ठेवून बसवा आणि हळूच खाली आणा. पहिल्यांदा लॉकचा हूक काढूनच ठेवा, नाहीतर न जुळलेलं बोनेट लॉकमध्ये अडकून बसतं आणि उघडायला ग्रिल काढावी लागते.

दोन्ही बाजूंचा गॅप चार-पाच मिमी आणि पुढून मागे सारखा आला की बिजागरीचे बोल्ट कसा. एम-८ ला २० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं. पुढची उंची, बोनेट ज्यांवर टेकतं ते रबरी बंपस्टॉप फिरवून जुळवा, सगळ्यात शेवटी लॉक. लॉक लागल्यावर पुढच्या कडेवर तळहाताने दाबा. खाली-वर हालचाल जाणवली तर बंपस्टॉप थोडा वर घ्या. दुसरा हूक धरतोय का हे आतली दांडी ओढून, बोनेट एक टप्पा उचलून, स्वतः पाहा.

बोनेट उघडं धरून ठेवणारे गॅस शॉकर असतील तर बोनेट हलकं झाल्यावर ते बदलावे लागतात. जुने शॉकर जोर जास्त लावतात. बोनेट लावताना बिजागरीजवळ फायबर वाकतो आणि काही महिन्यांनी तिथेच चिरतो. हिशेब सोपा आहे. बोनेट १४ किलोचं, म्हणजे १३७ न्यूटन. उघडं असताना त्याचा भारमध्य बिजागरीपासून आडवा ४० सेंटीमीटरवर असेल तर ५५ न्यूटन मीटर सांभाळायचे. शॉकरची रेषा बिजागरीपासून २० सेंटीमीटरवर आणि शॉकर दोन, तर प्रत्येकी १३७ न्यूटन. वीस टक्के जास्त धरून १६५, म्हणजे बाजारात १५० ते १७५ न्यूटनचा शॉकर बघा. आकडा नळीवर छापलेला असतो.

सगळं जुळल्यावरच रंग. रंगवलेलं बोनेट कुठलाही विक्रेता परत घेत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी रंगकाम टाळा. थिनर हवेतच उडतो आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. पर्याय नसेल तर पेंटरला स्लो थिनर वापरायला सांगा आणि पहाटे काम धरा. पुट्टीने गॅप भरून काढणाऱ्या पेंटरकडून बोनेट काढून घ्या. बोनेटची कड सतत थरथरते, तिथली जाड पुट्टी वर्षभरात तुकड्याने निघते.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, कंपनीने दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत डिझाइन दाखवून विचारा. बोनेटचा रंग आरसीवर लिहिलेलाच ठेवा. विमा कंपनीला ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी पहिल्यांदा बाहेर काढला जातो. वॉरंटीतल्या गाडीसाठी डीलरचं म्हणणंही लेखी घ्या.

बसवल्यानंतर

पहिल्या ५०० किलोमीटरला बिजागरीचे आणि लॉकचे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा. फायबर दाबला जाऊन बोल्ट थोडे ढिले पडतात. मग आधीचाच रस्ता, तोच लोड आणि शक्यतो तेवढंच ऊन धरून कूलंट आणि इनटेकचं तापमान पुन्हा नोंदवा. घाटाच्या माथ्यावर कूलंट तीन-चार अंशांनी खाली आलं असेल तर लूव्हर काम करतोय. काहीच फरक नसेल तर ट्रे फार जवळ टांगलाय का ते बघा, हवेची वाट बहुतेकदा तिथेच अडते. मृगाच्या आधी ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून नळीतून ते धारेने बाहेर पडतंय का पाहा, आणि कापसाचा हंगाम संपला की जाळी उलट बाजूने ब्रशने झाडून घ्या.